बाळंतिणीच्या ताटातली डाळ

तेलानं चरबी वितळत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बाळंतिणींना तेल लावायचं काम मी सगळं आयुष्य केलं आणि दर घरी मला एकच विचारणा झाली, "मावशी, चोळून चोळून पोट जाईल ना?" जात नाही. तेल लावून माणूस बारीक होत असता, तर तेलाच्या घाण्यावरचा माणूस काडी झाला असता. चोळल्यानं आखडलेली पाठ सुटते, झोप लागते, आणि सगळं घर बाळाकडे बघत असताना आपल्याकडेही कुणी बघतंय असं त्या बाईला वाटतं. एवढंच. पोटाला जुन्या लुगड्याचा धडपा बांधतात त्यानं कंबरेला आधार मिळतो. पोट आवळतं, उतरत नाही. सोडला की पोट जिथल्या तिथं.

मी पौडजवळच्या उरवड्याची. शाळा चौथीपर्यंत. हे काम माझ्या सासूचं होतं, तिच्याबरोबर जाऊन जाऊन हात बसला. आधी आसपासची गावं केली, मग भुकूमला, भूगावला, बावधनला इमारती उठल्या तशी मी बसनं तिकडे जायला लागले. सकाळी पोचायचं, तेल कोमट करायचं, आधी आईचं अंग, मग बाळाचं. आपले पाय लांब करून बाळाला त्यांवर घ्यायचं, अंघोळ घालायची, ओवा-शेपाची धुरी द्यायची, गुंडाळून आईच्या कुशीत ठेवायचं. फ्लॅटमध्ये शेगडी ठेवता येत नाही. एकदा एका घरी धुरी दिली तर छताला लावलेलं यंत्र कोकलायला लागलं आणि वॉचमन लाल नळकांडं घेऊन धावत आला. "आग किधर है?" मी वाटीतले दोन निखारे दाखवले. बाळ झोपलेलं होतं.

माझं काम तासाभराचं. उरलेला दिवस ताट काम करतं. हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि ते मला आपोआप कळलं नाही, पौडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

आमच्याकडे भात पिकतो. त्यामुळं बाळंतिणीला भात. मऊ भात, त्यावर तुपाची धार, सकाळी गुळाचा शिरा, मधे डिंकाचा लाडू, संध्याकाळी परत भात. डाळ बंद, मटकी बंद, हरभरा बंद. कारण काय, तर ते वातूळ, आईनं खाल्लं की बाळाचं पोट फुगतं. अंडं उष्ण, तेही बंद. जुन्या बायकांचं यावर भागलं, कारण सव्वा महिना झाला की त्या परत चिखलात भाताचं आवण लावायला उतरायच्या. खाल्लेलं सगळं कामात जळायचं. अंग मात्र झिजायचं. पण चाळिशीतच बाई वाकली तर तिला तेव्हा कुणी आजार म्हणत नव्हतं, वय झालं म्हणायचे.

आमच्याच आळीतली सुलभा उरवड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिची तिन्ही बाळंतपणं माझ्या हातची. तिसऱ्यानंतर ती चांगलीच जाड झाली आणि त्याच वेळी जिना चढताना धापा टाकायला लागली. तिच्या आईला वाटायचं, जाड आहे म्हणजे पोसलेली आहे. सुलभा मला म्हणाली, "मावशी, मी खाती तरी किती? भात आन तूप. तरी आंग वाढतंय आन हातात जीव न्हाई." मी तिला पौडला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि विचारलं, "काल दिवसभरात काय काय खाल्लं?"

सुलभानं सांगितलं.

"यात डाळ कुठे आहे? अंडं, मासे, दूध?"

सुलभा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "बाळंतिणीला डाळ देत न्हाईत आमच्यात."

"का?"

"वातूळ असती."

त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं. भात, भाकरी, गूळ यानं चालण्या-फिरण्याचं बळ मिळतं, पण वापरलं नाही तर ते अंगावर साठतं. तूप-तेल थोडं लागतंच, पण ते लगेच साठणारं. डाळ, अंडी, मासे, दूध यानं झिजलेलं अंग भरून येतं आणि पोट बराच वेळ धरून राहतं, म्हणजे तासाभरानं परत डबे उघडावेसे वाटत नाहीत. तिन्ही लागतात. एकाचंच ताट भरलं की बाकीच्या दोघांची जागा जाते. "हिच्या ताटात सगळी जागा भातानं घेतलीय," त्या म्हणाल्या. "म्हणून जाडही आहे आणि अशक्तही."

जाडही आणि अशक्तही. आजवर मी या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट धरत होते. सुलभाचं वजन पुढं थोडं उतरलं, पण गुडघे गेले ते गेले. दिवसभर उभ्यानं काम. तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी ही डॉक्टरीण पौडला असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

त्यानंतर मी दर घरी तेलाआधी ताट बघायला लागले. तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटली. एका घरी बाळंतीण लाडवाला हात लावायची नाही आणि डबा मात्र रोज रिकामा. तिची आई खूश. शेवटी कळलं, लाडू जावई खातोय. बाळंतपण बायकोचं, पोट नवऱ्याचं. दुसरी एक होती, तिनं कुठंतरी ऐकून भात-भाकरी सगळं सोडलं होतं. नुसती कोंबडी आणि अंडी. टाके ओले आणि शौचाला होईना. दुखून रडायची. तिला मी म्हटलं, "बये, भाजी-भाकरी काय तुजी वैरीण हाय का?" तिनं भाकरी सुरू केली आणि दोन-तीन दिवसांत मोकळी झाली. डाळ नाही म्हणून सुलभा बसली, भाकरी नाही म्हणून ही बसली. दोघींची चूक सारखीच. एक बाजू धरायची आणि ताणायची.

पण जे घर माझ्या चांगलं लक्षात आहे ते बावधनचं. बावधनचे जुने शेतकरी, शेती बंद झाली, त्या जमिनीवर त्यांची स्वतःची तीन मजली इमारत उभी राहिली, खालच्या खोल्या भाड्यानं. सासू हौसाबाई माझ्याच वयाची, माझ्याच माहेरच्या गावची. लहानपणी एका ओढ्यावर धुणं धुतलेलं. सून प्राची शहरातली, कंपनीत नोकरीला. मुलगी झाली होती. पहिलीच.

पहिल्या आठवड्यातच प्राची म्हणाली, "मावशी, जरा दार लावता?"

मी लावलं.

"पोटुशी असताना मला शुगर निघाली होती. डॉक्टर म्हणाल्या, बहुतेकींची बाळंतपणानंतर जाते, पण वजन उतरलं पाहिजे. दीड महिन्यानं परत तपासणार आहेत." दाराकडे एकदा बघून म्हणाली, "माझ्या बाबांचा पाय यातच काढावा लागला."

"घरात म्हाईत हाय?"

"यांना माहितीय. आईंना नाही."

"का?"

"त्या सगळ्या भावकीत सांगतील. मग बारशाला आलेली प्रत्येक बाई बाळाकडे बघून म्हणेल, हिलाही होणार."

यात ती काही खोटं बोलत नव्हती. हौसाबाईच्या पोटात भात राहतो, गोष्ट राहत नाही.

तेव्हा घरात असं चाललं होतं. हौसाबाईला काही ठाऊक नाही, म्हणून ती शिरा, तूप-भात आणि लाडू यांची रांग लावायची. प्राचीला आई नव्हती, त्यामुळं माहेरचे लाडूही आपणच करायचे असं हौसाबाईनं मनावर घेतलेलं. आणि प्राची यातलं काहीच खात नव्हती. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी तिला नीट सांगितलं होतं, भाकरी बेताची, डाळ-उसळ दोन्ही वेळेला, भाजी भरपूर, तूप चमचाभर. प्राचीनं विचार केला, भाकरी बेताची चांगली तर मुळीच नको हे आणखी चांगलं. डाळ मागायची सोय नाही, कारण सासूच्या राज्यात डाळ बंद. राहिलं काय, तर काकडी आणि ताक.

एके दिवशी पाठ चोळून झाल्यावर ती उठली आणि तिनं भिंत धरली.

"आज काय खाल्लंस?"

"काकडी."

"आन?"

"ताक."

"पोरीला पाजतीस आन सोता काकडीवर ऱ्हातीस? म्हशीला वैरण न घालता कोन धार काढतं का?"

ती हसली आणि मग रडली. म्हणाली, "पण वजन उतरतंय मावशी. काटा भराभर खाली येतोय."

"येनारच. इहीर उपसली की पानी खालीच जातंय."

"तुम्ही सांगा ना आईंना."

"मी त्याल लावनारी बाई हाय. तुजा रोग तुज्या सासूला सांगायला मला ठेवलेलं न्हाई. तूच सांग."

तिनं सांगितलं नाही. मुंग्यांनी सांगितलं.

झालं असं की रोजचे लाडू प्राची कागदात गुंडाळून बाळाच्या कपड्यांच्या कपाटात, लंगोटांच्या मागं ठेवत होती. कधीतरी बाहेर न्यायचे म्हणून. त्या दिवशी मी बाळाला न्हाऊ घालून लंगोट बांधला आणि पोरगी किंचाळायला लागली. सोडून बघते तर मांडीवर लाल मुंग्या. हौसाबाई धावत आली, कपाट उपसलं, आणि लाडवांचा ढीग निघाला.

"ह्ये काय गं?" तिनं एक लाडू उचलून प्राचीसमोर धरला. "माज्या हातचं ग्वाड लागंना तर तोंडावर सांगायचं. मुंग्यांचं बाळंतपन करतीस व्हय?"

प्राचीनं रडणारं पोर माझ्याकडून ओढून घेतलं, गर्रकन वळली आणि तिचे डोळे फिरले. मी पोरगी धरली. हौसाबाईनं सुनेला धरलं, दोघी तशाच खाली बसल्या. प्राचीचं डोकं सासूच्या मांडीवर, तोंड पांढरं. लाडू कुठंतरी पलंगाखाली गेला.

पाणी पाजलं, गुळाचा खडा तोंडात घातला, थोड्या वेळानं ती बोलायला लागली. तिथंच फरशीवर तिनं सगळं सांगितलं. शुगर, तपासणी, बाबांचा पाय.

हौसाबाई म्हणाली, "तुज्या बाचा पाय तर गाडीखाली सापडला हुता."

"लग्नाच्या वेळी तसं सांगितलं होतं, आई."

मला वाटलं आता हौसाबाई सोयरिकीपासून सगळं उकरणार. पण ती म्हणाली, "मंग आता काय खायाचं त्ये बोल. तुला उपाशी मारून मला तुरुंगात जायाचं न्हाई."

प्राचीनं आहाराच्या बाईंचं सांगितलं. सासूनं भाकरी ऐकून घेतली, भाजी ऐकून घेतली. डाळ म्हटल्यावर हौसाबाई उठून उभी राहिली. "डाळ न्हाई. पोर तडफडंल."

मी म्हटलं, "हौसे, डाळ आईच्या पोटात जाती. पोरीच्या पोटात दूध जातंय."

"तूच माज्या पोराच्या टायमाला डाळ बंद केलीवती."

"केलीवती. तवा मला म्हाईत न्हवतं. आता हाय."

मुगापासून सुरुवात केली. मग मसूर. मुगा-मसुरानं काही झालं नाही म्हणून मोडाची मटकी आली. त्याच संध्याकाळी मला फोन. "चंद्रे, तुज्या मटकीनं पोर निळी पडली."

"निळी का लाल?"

फोन तसाच ठेवून ती बघायला गेली. "लाल."

"मंग रडती नुसती. उभी धर खांद्यावर आन पाठ थोपट."

ढेकर मला फोनमधून ऐकू आला. दुसऱ्या दिवशी हौसाबाईनं मटकी बंद ठेवली. पोरगी त्याच वेळेला तेवढीच रडली. लहान पोरं संध्याकाळी रडतात, त्यांना मटकी लागत नाही. तिसऱ्या दिवशी हौसाबाईनं आपणहून मोड आणले.

लाडू मात्र तिनं सोडला नाही. तिचं म्हणणं, बाळंतिणीच्या तोंडात लाडू नाही तर लोक सासूच्या तोंडात शेण घालतात. मग गूळ कमी केला, अळीव आणि भाजलेले दाणे वाढवले, आणि लाडू सुपारीएवढा झाला. सकाळी एक. तूप भाकरीवर चमचाभर. दुपारी भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक. रात्री थोडा भात, पण डाळ त्याच्याहून जास्त. अंड्याला हौसाबाईची हरकत होती, ती शुक्रवारी तिच्याच पोरानं मोडली. उकडून आणून बायकोच्या हातात दिलं.

इतकं झाल्यावर काटा वर गेला. प्राची रडकुंडीला. "बघा मावशी. खायला लागले आणि वाढलं."

"काट्याला काय कळतंय? जिना चढून ये."

ती चढून आली. बोलत बोलत आली, कठडा न धरता. पुढच्या आठवड्यात काटा जागेवर थांबला आणि मग हळूहळू खाली यायला लागला. काकडीच्या दिवसांत यायचा तसा धाडकन नाही. मी तिला सांगितलं, असंच उतरू दे. घाईनं उतरलेलं वजन घाईनं परत येतं, मी पुष्कळ घरांत बघितलंय. पाजणाऱ्या बाईनं तर मुळीच घाई करू नये.

सव्वा महिना झाला तसं बाळंतिणीचं वेगळं शिजवणं बंद झालं, प्राची घरच्या जेवणावर आली. माझं येणंही एक दिवसाआड झालं. एका दुपारी मी थांबले होते. त्या घरात गडी आधी जेवतात. सासरा जेवला, पोरगा जेवला, भाडेकऱ्यांपैकी कुणी कामाला आलेला तोही जेवला. मग बायका. प्राचीच्या वाटीत मी डोकावले तर पिवळं पाणी. डाळ खाली बसते, वरून पळीनं वाढली तरी चौथ्या माणसापर्यंत घट्ट काही उरत नाही. पोट भरायला मग तिनं भात घेतला. भरपूर.

मी म्हटलं, "हौसे, ह्या पान्यात डाळ शिजवली का नुसती धुतली?"

हौसाबाई भडकली. "आमच्यात गडी आदी जेवत्यात. मीबी जल्मभर असंच खाल्लंय."

"म्हनून उठताना भिताड धरतीस."

"तू त्याल लावायला येतीस का माजं घर चालवायला?"

"त्याल लावायला," मी म्हटलं आणि पिशवी उचलली. माझं बोलणं तिला लागलं होतं. लागू दे. गोड बोलून मी कुणाचं ताट बदलल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा तिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. चहा आला, पण सुनेच्या हातून. तपासणीचा दिवस तोच होता. प्राची सकाळी उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन आली होती, गोड पाणी पिऊन परत एकदा देऊन आली होती. मी पोरगीला न्हाऊ घालत होते तोवर तिच्या नवऱ्याच्या फोनवर निकाल आला. त्यानं दवाखान्यात फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावा.

डॉक्टर म्हणाल्या, उपाशीपोटीची ठीक आहे. गोड पाण्यानंतरची रेषेच्या किंचित वर आहे. हा मधुमेह नाही, पण काठ आहे. खाणं असंच ठेवा, वजन हळूहळू आणखी उतरू द्या, आणि दर वर्षी तपासा.

फोन बंद झाला. प्राची म्हणाली, "दर वर्षी? म्हणजे हे संपणार नाही कधी?"

नवरा काहीतरी समजूत काढायला लागला. मी म्हटलं, "न्हाई संपनार. एवढं केलंस म्हनून काठावर हायेस. आता रोज जेवतीस तशी रोज ताटाकडं बघायचं. दुसरं काय?"

प्राची म्हणाली, "बाबांना कुणी असं सांगितलंच नव्हतं." आणि पोरगीला माझ्याकडून घेऊन पाजायला बसली.

हौसाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळं ऐकलं, आत गेली. भांड्यांचा आवाज आला. जेवायची वेळ झाली तसे सासरा आणि पोरगा टेबलाशी येऊन बसले. ताटं मांडलेली होती. हौसाबाई डाळीचं पातेलं घेऊन बाहेर आली, त्या दोघांच्या मागून तशीच पुढं गेली आणि टेबलाच्या कडेची खुर्ची पायानं ओढली.

"प्राची, पोर चंद्रीकडं दे. हितं बस."

प्राचीला कळेना. ती नवऱ्याकडे बघत बसली खुर्चीवर. हौसाबाईनं पातेल्याच्या तळापासून पळी फिरवली आणि घट्ट डाळ तिच्या वाटीत घातली. मग आणखी एक पळी. मग दुसऱ्या वाटीत, शेजारच्या रिकाम्या ताटात, तेवढीच. ते ताट तिचं स्वतःचं होतं.

पोरगा म्हणाला, "आई, आम्ही बसलोय."

"दिसतंय मला," हौसाबाई म्हणाली. "बसा."